मादेराचे मद्य आणि बाटलीवरील साल

मराठीतील ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘पिपा’ या शब्दावरून आलेला आहे. अटलांटिक महासागरातील मादेरा बेटावरून जे द्राक्षमद्य तीनशे वर्षे जगभर गेले त्याची मोजदाद याच पिंपाने होत असे. व्यापारात रूढ झालेले मादेराचे एक पिंप ४१८ लिटरांचे. शब्द आपल्याकडे आला आणि त्या शब्दामागोमाग वस्तूही आली. याउलट ‘मादेरा’ आणि ‘मदिरा’ या दोन शब्दांचे साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे. मादेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत लाकूड. पंधराव्या शतकात पोर्तुगीज दर्यावर्दी या निर्जन बेटावर उतरले तेव्हा त्यांना सर्वत्र दाट अरण्य दिसले आणि त्यावरून त्यांनी बेटाला हे नाव दिले. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘मातेरिआ’ या शब्दाशी लागते, संस्कृत ‘मद्’ धातूशी नव्हे.

मादेराच्या जुन्या बाटल्यांवर कधीकधी एखादे साल आणि त्यासोबत ‘सोलेरा’ हा शब्द आढळतो. उदाहरणार्थ, ‘माल्व्हासिया सोलेरा १८०८’. अनभिज्ञ वाचक याचा अर्थ सरळ असा घेतो की, बाटलीतील मद्य १८०८ च्या द्राक्षांचे आहे. वस्तुतः तसे नसते. असे मद्य अनेक वर्षांच्या पिकांचे मिश्रण असते, आणि त्यात १८०८ चा अंश किती हा प्रश्न गणिताचा जितका, तितकाच इतिहासाचाही आहे. एखाद्या वस्तूवरील साल नेमके कशाची साक्ष देते? मूळ घटकाची, पद्धतीच्या आरंभाची, की विकणाऱ्याच्या दाव्याची? ज्यांना बखरींच्या नकला हाताळाव्या लागतात त्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. प्रत्येक नकलकाराने थोडे वगळले, थोडे घातले आणि मथळ्यावर मात्र जुनेच साल ठेवले, असे प्रकार मराठी साधनांत काही थोडेथोडके नाहीत.

मादेरावर पोर्तुगिजांचे पाऊल पडले ते १४१९–२० च्या सुमारास. झुआंव गोन्साल्व्हिश झार्को व त्रिश्तांव व्हाझ तेशेरा ही या प्रसंगाशी निगडित असलेली मुख्य नावे होत. राजपुत्र हेन्रीने बेटावर दोन रोपे आणविली, एक ऊस आणि दुसरे माल्व्हासिया जातीची द्राक्षवेल. ही वेल क्रीट बेटावरची. व्हेनिसचा प्रवासी आल्व्हिसे कादामोस्तो १४५५ साली मादेरात आला होता. त्याच्या वृत्तान्तात या वेलीचा व तेथील मद्याचा उल्लेख आहे, तेव्हा पहिल्या पिढीतच मद्याचे उत्पादन सुरू झाले होते हे निश्चित. तथापि बेटाची पहिली भरभराट मद्यावर झाली नाही, ती साखरेवर झाली. कॅनरी बेटांतून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर ही साखर पिकली, आणि सोळाव्या शतकात ब्राझीलची स्वस्त साखर बाजारात आल्यावर हे वैभव ओसरले. उसाने रिकामी केलेली जागा द्राक्षवेलीने घेतली.

शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात फॉलस्टाफची थट्टा करताना मादेराच्या पेल्याचा उल्लेख केला आहे. नाटकातील काळ १४०२–०३ च्या आसपासचा, म्हणजे बेटावर वस्ती होण्यापूर्वीचा. हा कालविपर्यास उघड आहे. परंतु त्यावरून १४०२ विषयी काही कळत नसले तरी नाटक लिहिले गेले त्या काळाविषयी, म्हणजे १५९६–९७ च्या सुमाराच्या लंडनविषयी, बरेच कळते. मादेराचे मद्य तोवर तेथील प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले होते, नाहीतर थट्टेला अर्थच उरला नसता. चुकीचे सालही अशा रीतीने साधन ठरू शकते.

गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना फुंशाल हे मादेराच्या राजधानीचे नाव वेगळ्याच संदर्भात ठाऊक असते. १५३३ साली गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तो फुंशालच्या आर्चबिशपच्या अधीन. ७४० चौरस किलोमीटरांच्या या बेटावरील धर्मपीठाची सत्ता काही काळ ब्राझीलपासून मांडवीच्या काठापर्यंत, निदान कागदोपत्री तरी, पोहोचली होती. १५५७ मध्ये गोवा स्वतःच आर्चबिशपचे पीठ बनले. हा संबंध मद्याचा नव्हे. परंतु मादेरा हे पूर्वेकडे जाणाऱ्या मार्गावरील ठाणे होते आणि त्याचे महत्त्व त्याच्या आकारावरून मोजता येत नाही, एवढे त्यावरून ध्यानात येते.

मद्याच्या व्यापाराला खरी दिशा मिळाली ती इंग्रजांच्या दोन निर्णयांनी, आणि त्यांपैकी एकाशी मुंबईचा प्रत्यक्ष संबंध आहे. १६६१ च्या तहान्वये ब्रागांझा घराण्याच्या कॅथरीनचा विवाह दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले. आंदणाच्या यादीत मादेराही होते, पण लेखनिकाने ते गाळले, अशी एक कथा मादेराविषयीच्या पुस्तकांतून सांगितली जाते. तिला कागदाचा आधार दिसत नाही, म्हणून ती कथा म्हणूनच ठेवणे बरे. या विवाहामुळे पोर्तुगालमधील इंग्रज व्यापाऱ्यांना ज्या सवलती मिळाल्या त्या मात्र कथेपेक्षा पुष्कळच भरीव होत्या. पाठोपाठ १६६३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने असा कायदा केला की, युरोपातील कोणताही माल वसाहतींत पाठवावयाचा तर तो इंग्लंडच्या बंदरातून गेला पाहिजे. या कायद्यास जे थोडे अपवाद होते त्यांत मादेरा व अझोर्स या बेटांचे मद्य होते. इंग्रज गलबते आता थेट फुंशालला पिंपे भरून अमेरिकेकडे किंवा वेस्ट इंडिजकडे जाऊ लागली. फ्रान्सचे वा स्पेनचे मद्य या वाटेने जाऊ शकत नव्हते. चवीचा प्रश्न पुढचा. आधी कायद्याने मादेराचा बाजार घडविला. अमेरिकन वसाहतींत पुढे या मद्याला जे राजकीय महत्त्व आले, म्हणजे १७६४ चा प्रत्येक टनामागे सात पौंडांचा कर आणि १७६८ मध्ये बॉस्टन बंदरात मादेराच्या मालावरून झालेली जॉन हॅनकॉकच्या ‘लिबर्टी’ गलबताची जप्ती, त्याची चर्चा अमेरिकन इतिहासग्रंथांतून भरपूर झालेली आहे. येथे हिंदुस्थानकडे जाणाऱ्या पिंपांचा मागोवा अधिक उपयुक्त ठरेल.

या बाबतीत एक कथा सर्वत्र प्रचलित आहे. एका जहाजातून मद्याची काही पिंपे उष्ण कटिबंधात पाठविली गेली. ती खपली नाहीत म्हणून तशीच परत आली. उघडून पाहतात तो मद्य बिघडण्याऐवजी अधिक स्वादिष्ट झालेले! तेव्हापासून मुद्दाम पिंपे हिंदुस्थानपर्यंत पाठवून परत आणण्याची चाल पडली, असे ही कथा सांगते. कथेत जहाजाचे नाव नाही, व्यापाऱ्याचे नाव नाही, साल नाही. ज्या कथेत शोधाचे सारे श्रेय योगायोगाला दिलेले असते आणि एकही तपासण्याजोगा तपशील नसतो, ती कथा सोयीची म्हणून टिकलेली असते. तिच्याशी ताडून पाहण्याजोगे एक लेखी साधन उपलब्ध आहे, आणि ते मुंबई–सुरतेच्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

जॉन ऑव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री ‘बेंजामिन’ या जहाजातून एप्रिल १६८९ मध्ये इंग्लंडहून निघाला. संभाजी महाराजांच्या वधाला त्या वेळी जेमतेम महिना झाला होता. १६९० च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो मुंबईस पोहोचला तेव्हा सिद्दी याकूतखानाच्या वेढ्याने शहर जर्जर झालेले होते आणि रोगराईने ऑव्हिंग्टनचे कित्येक सहप्रवासी थोड्याच महिन्यांत दगावले. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, ही म्हण त्यानेच नोंदवून ठेवली आहे. त्याचा ‘सुरतेचा प्रवास’ हा ग्रंथ १६९६ साली लंडनमध्ये छापला गेला. सुरतेच्या वखारीच्या वर्णनासाठी तो नेहमी उघडला जातो, पण वाटेत जहाज मादेरास थांबले होते आणि त्या मुक्कामाचेही वर्णन ग्रंथात आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यात ऑव्हिंग्टन सांगतो की, या बेटाच्या मद्याचा एक विशेष असा आहे की, पिंपाचे बूच काढून ते उन्हात हवेशी उघडे ठेवले असता ते सुधारते.

या एका वाक्याचे मोल मोठे आहे. उष्णता आणि हवा ही द्राक्षमद्याची दोन मोठी शत्रू. फ्रान्स वा जर्मनीचे मद्य या दोहोंपासून जपावे लागते. मादेराच्या बाबतीत नेमके उलटे घडते हे ज्ञान बेटावर १६८९ साली रूढ होते, इतके की वाटेवरच्या पाद्र्याच्या कानावरही ते पडले. म्हणजे परत आलेल्या पिंपाची कथा खरी मानली तरी ती या ज्ञानाचा उगम ठरत नाही, जोवर ती १६८९ च्या मागे नेता येत नाही. तथापि येथे अधिक निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. ऑव्हिंग्टन बोलतो आहे उन्हाविषयी, जहाजाच्या तळाविषयी नव्हे. समुद्रप्रवासाने मद्य सुधारते हा समज केव्हा दृढ झाला याचे उत्तर त्याच्या ग्रंथात नाही. ते अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारात शोधावे लागते.

तो पत्रव्यवहार सुदैवाने विपुल आहे. विल्यम बोल्टन या फुंशालवासी इंग्रज व्यापाऱ्याची १६९५ ते १७१४ या काळातील पत्रे छापली गेली आहेत. १७४५ च्या सुमारास फ्रान्सिस न्यूटन या स्कॉटिश तरुणाने जी पेढी घातली तिचे दफ्तरही टिकले. १७५३ मधील एका पत्रात न्यूटन अशी कबुली देतो की, आपल्या मालाविषयी तक्रारी येतात त्याचे कारण, इतर पेढ्या प्रत्येक पिंपात एकदोन बादल्या ब्रांडी घालतात आणि आपण घालीत नाही, हे असावे. आज मादेराचे जे स्वरूप सनातन वाटते, म्हणजे गोड, जड आणि मद्यार्काची भर घातलेले, ते अशा तक्रारींच्या दबावाखाली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. त्यापूर्वीचे मादेरा हे बऱ्याच अंशी साधे, न टिकणारे द्राक्षमद्य होते. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड हॅनकॉक यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे. त्यांच्या मते मादेराचा ‘शोध’ कोणा एकाने लावला नाही, योगायोगानेही नाही. उत्पादक, निर्यातदार, अडत्ये आणि समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक यांच्यामधल्या दीर्घ पत्रसंवादातून तो घडत गेला. गिऱ्हाइकाने लिहावे, रंग फिका आहे. पुढच्या खेपेस रंग गडद यावा. वेस्ट इंडिजला एक प्रत, लंडनला दुसरी, हिंदुस्थानला तिसरी. निरनिराळ्या मळ्यांची आणि निरनिराळ्या सालांची मद्ये एकत्र करून त्या त्या बाजाराच्या रुचीस उतरणारा माल सिद्ध करणे हे निर्यातदाराचे खरे कसब ठरले. तेव्हा अनेक सालांचे मिश्रण ही मागाहून शिरलेली भेसळ नसून ती या मद्याच्या घडणीतच होती.

हॅनकॉक यांचे विवेचन पटण्याजोगे आहे. मात्र ज्यांनी पत्रे लिहिली त्यांचीच बाजू त्यात ठळक होते, हा साधनांचा दोष त्यातही उतरला आहे. पत्रे पेढीवाल्यांनी लिहिली. द्राक्षे ज्यांनी पिकविली त्यांनी पत्रे लिहिली नाहीत. मादेराची जमीन खड्या उताराची. दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते करावी लागली आणि उत्तरेकडचे पाणी ‘लेव्हादा’ नावाच्या पाटांतून डोंगर फोडून दक्षिणेकडे आणावे लागले. या पाटांची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. जमीन मालकाची, बांध आणि वेल कुळाची, पीक दोघांत अर्धे अर्धे, अशी ‘कोलोनिया’ नावाची वहिवाट तेथे शतकानुशतके चालली. दुर्गम शेतांतला रस बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींत भरून हमाल पाठीवर डोंगर उतरत असत. कुळाने रस काढला की तो कच्च्या स्थितीत विकावयाचा. साठवण, मिश्रण, वय आणि साल या साऱ्या गोष्टी फुंशालच्या वखारीत सुरू होत. बाटलीवरील सालात त्या वर्षीच्या कुळाला कोठेही जागा नव्हती. १९७६ च्या पोर्तुगीज राज्यघटनेने ही कोलोनिया पद्धत नष्ट करण्याची तरतूद केली.

हिंदुस्थानकडे जाणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे वाटेत मादेरास थांबून पिंपे भरीत. अमेरिकेकडे जाताना विषुववृत्त ओलांडावे लागत नाही. हिंदुस्थानच्या फेरीत ते जाताना दोनदा आणि येताना दोनदा ओलांडावे लागते. जहाजाच्या तळातील उष्मा, सततचे हेलकावे आणि लाकडातून आत जाणारी हवा या तिहींचा परिणाम महिनोन् महिने होत राही. अशा रीतीने जाऊन आलेल्या मद्याला ‘व्हिन्यू दा रोदा’, म्हणजे फेरीचे मद्य, असे नाव पडले आणि लंडनमध्ये त्याला चढा भाव येऊ लागला. जी पिंपे परतली नाहीत ती मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील गोऱ्या वसाहतींत रिचली. येथील हवेत फ्रान्सचे क्लॅरेट फार काळ टिकत नसे; मादेराला हवेची भीती नव्हती. एलिझा फे या इंग्रज बाईने १७८० साली कलकत्त्याहून धाडलेल्या पत्रांत जेवणाखाणाची स्वस्ताई वर्णिली आहे आणि मादेरा मात्र महाग, असे सांगून ती त्याचा अपवाद करते. महाग असूनही ते तिच्या टेबलावर होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मद्य पिंपातून येई आणि बाटल्यांत भरणे येथे होई. त्यामुळे रिकाम्या बाटल्यांना किंमत होती. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय यांची व्यापारातील सुरुवात रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातील नातलगाच्या हाताखाली झाली, आणि ‘बाटलीवाला’ हे आडनाव अद्याप प्रचारात आहे. बाटल्यांचा तो धंदा एकट्या मादेरावर चालला होता असे मात्र मुळीच म्हणता येणार नाही.

मद्याला हिंदुस्थानची फेरी घडविणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फेरीचा परिणाम घरबसल्या साधण्याची युक्ती निघाली. ‘एस्तूफा’ नावाच्या तापविलेल्या कोठारांत पिंपे महिनोन् महिने ठेवली जाऊ लागली. आजही स्वस्त मादेरा याच तत्त्वाने तयार होते: टाकीतील मद्य निदान तीन महिने ४५ ते ५० अंश सेल्सिअसला ठेवतात. उंची मद्यासाठी दुसरी रीत आहे. पिंपे वखारीच्या वरच्या मजल्यांवर, छपराखालच्या उन्हाच्या उबेत, लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षे ठेवतात. त्या तुळयांना ‘कांतेरू’ म्हणतात आणि त्यावरून पद्धतीलाही तेच नाव आहे. ऑव्हिंग्टनने वर्णिलेले ऊन आणि हवा येथे दोन्ही उपस्थित आहेत. जहाज हा या कहाणीचा सर्वांत प्रसिद्ध भाग, परंतु जहाजापूर्वी ऊन होते आणि जहाजानंतरही ऊनच राहिले.

मद्य गोड राहते त्याचे कारण साधे आहे. माल्व्हासिया व बोआल या पांढऱ्या द्राक्षांच्या रसाचे आंबणे पूर्ण होण्यापूर्वीच त्यात द्राक्षांचाच जोरकस मद्यार्क घालतात; आंबण्याची क्रिया थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते. सेर्सियाल व व्हेर्देल्यो यांच्या बाबतीत मद्यार्क उशिरा घालतात, म्हणून ती कमी गोड. मूळचा फिका रंग उष्णतेने व वयाने पिंगट होत जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या व्यवसायावर लागोपाठ दोन संकटे कोसळली. पहिले १८५१–५२ मध्ये आले ते भुरी रोगाचे. नाशिक–सांगलीच्या बागाईतदारांना भुरी काय करते हे वेगळे सांगावयास नको. त्यावर गंधकाचा उपाय सापडला आणि बागा सावरू लागल्या, तोच १८७२ च्या सुमारास फायलॉक्सेरा हा मुळे खाणारा कीटक बेटावर आला. त्यावर अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम बांधण्याखेरीज इलाज नव्हता. अनेक व्यापारी बेट सोडून गेले. कित्येक शेतांत पुन्हा ऊस लागला, आणि कित्येकांत हलक्या प्रतीच्या संकरित अमेरिकन वेली लागल्या. जुन्या उत्तम जातींची लागवड घटली ती घटलीच.

याच टंचाईच्या काळात सोलेरा पद्धतीला मादेरात महत्त्व आले. ही पद्धत मूळची स्पेनमधील शेरीची. पिंपांच्या थरांवर थर रचावयाचे. सर्वांत जुने मद्य तळच्या थरात. विक्रीसाठी तळच्या पिंपांतून थोडे काढावयाचे, ती तूट वरच्या थरातून भरावयाची, त्याची तूट त्याहून वरच्यातून. स्पॅनिश ‘सुएलो’ म्हणजे जमीन. जमिनीलगतचा थर म्हणून ‘सोलेरा’. मादेरात ही रचना बहुधा साधी असे: एखाद्या उत्तम सालाचे पिंप मूळ धरावयाचे, त्यातून दरवर्षी थोडे काढावयाचे आणि तेवढेच दुसऱ्या सालाचे चांगले मद्य त्यात घालावयाचे. नवे मद्य जुन्याच्या सहवासात जुन्याचा गुण घेते, असा अनुभव. ज्या व्यापाऱ्याजवळ रोगापूर्वीचा थोडाच साठा उरला होता त्याला तो साठा कधीच न संपविता विकण्याचा मार्ग यातून मिळाला. त्यात नफा होता हे खरे. पण त्याबरोबर एक जतनही होते, कारण तो साठा एकदा पिऊन टाकला असता तर त्याची चव कोणाच्याही अनुभवात उरली नसती.

आता सालाचा प्रश्न. दरवर्षी दहावा हिस्सा काढून तितकेच नवे मद्य घातले, असे उदाहरणादाखल धरू. दहा वर्षांनी मूळ सालाचे मद्य पिंपात शेकडा ३५ उरते; वीस वर्षांनी शेकडा १२; पन्नास वर्षांनी शेकडा अर्धा. शंभर वर्षांनंतर ४१८ लिटरांच्या पिंपात मूळ सालाचे मद्य सुमारे ११ मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, उरेल. ते कधीही शून्य होणार नाही, आणि विक्रेत्याचा दावा या ‘कधीही शून्य नाही’वर उभा असतो. सरासरी वयाचा हिशेब अधिक बोलका आहे. दरवर्षी दहावा हिस्सा ताजे मद्य घालीत गेल्यास, पिंप कितीही जुने असो, मिश्रणाचे सरासरी वय दहा वर्षांच्या आसपास येऊन थांबते. शंभर वर्षांच्या सोलेरातील मद्याचे वय शंभर नव्हे, दहा. भर घातलेले मद्य आधीच जुने असेल तर तेवढी वर्षे त्यात मिळवावी लागतील. प्रत्यक्षात काढण्याघालण्याचे प्रमाण पेढीगणिक आणि वर्षागणिक बदलत असणार, म्हणून हे आकडे कोणत्याही विशिष्ट बाटलीला लागू करता येणार नाहीत. परंतु दिशा स्पष्ट होते.

विसाव्या शतकात या पद्धतीची प्रतिष्ठा खालावली याचे कारण हेच. काही मूळ साले इतक्या मुबलक प्रमाणात बाजारात येत राहिली की, त्यांवर विश्वास ठेवणे कठीण झाले. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाल्यावर नियमांची फेरमांडणी झाली आणि सोलेराला काटेकोर व्याख्या मिळाली: एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक काढावयाचे नाही; भर त्याच गुणवत्तेची हवी; आणि अशी भर अधिकात अधिक दहा वेळा. त्यानंतर पिंपातील सर्व मद्य बाटल्यांत भरून सोलेरा संपवावयाचा. वरील हिशेब या नियमाशी ताडून पाहिला म्हणजे त्यातील हेतू उलगडतो. दहा भरींनंतरही मूळ सालाचे मद्य एक-तृतीयांशाहून अधिक राहते. कायद्याने सोलेराला मृत्यू दिला, आणि त्यामुळेच त्याच्या सालाला अर्थ दिला.

एका सालाच्या मद्याला आज दोन निराळी नावे आहेत. ‘कोल्याइता’ निदान पाच वर्षे जुने असावे लागते; ‘फ्राश्केइरा’ निदान वीस वर्षे लाकडात राहावे लागते. बाजारात जाणाऱ्या मालाचा फार मोठा भाग मात्र मिश्रणांचाच असतो आणि त्यावर पाच, दहा, पंधरा असे वय लिहिलेले असते. हे वयदेखील शब्दशः घ्यावयाचे नसते. दहा वर्षे लिहिलेले मद्य बेटावरील अधिकृत संस्थेच्या चव घेणाऱ्या मंडळाने त्या वयाच्या गुणधर्माचे म्हणून मान्य केलेले असते. म्हणजे वय पिंपावरच्या तारखेवरून ठरत नाही. जाणकाराच्या जिभेवर ठरते.

अभ्यासकाला यातून एक व्यवहार्य भेद हाती लागतो. सालाच्या मद्याच्या आजच्या बाटल्यांवर द्राक्षांचे साल आणि बाटलीत भरल्याचे साल अशी दोन्ही साले नोंदलेली असतात; पिंपात किती वर्षे गेली हे त्यांच्या वजाबाकीवरून कळते. जुन्या सोलेराच्या कित्येक बाटल्यांवर पहिलेच साल तेवढे असते. दुसरे साल नसेल तर १८०८ मधील मद्यातून किती वेळा काढले आणि किती वेळा घातले याचा अंदाज बांधण्यास बाटली स्वतः काहीच मदत करीत नाही. पेढीच्या वखारवहीत पिंपाचा क्रमांक, काढलेले माप आणि घातलेले माप यांच्या नोंदी टिकल्या असतील तरच पुढे जाता येते. अन्यथा ‘१८०८’ हा आकडा सोलेराच्या नावाचा भाग म्हणून उतरून घ्यावा आणि मद्याचे साल म्हणून रकाना कोरा ठेवावा.